छापा, काटा आणि चिठ्ठी

गेंड्याचं चित्र असलेलं पंचवीस पैशांचं नाणं अनेकांना आठवत असेल. १९८८ सालापासून ते स्टेनलेस स्टीलमध्ये निघू लागलं. वजन तीन ग्रॅमच्या आतलं, आकार चणीने लहान. देशातल्या टांकसाळींनी ते कोट्यवधींनी पाडलं. पुढे ३० जून २०११ पासून सरकारने पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद केली. आता त्या नाण्याचं काहीही येत नाही. मोबाइलवर मात्र त्याचा भाव दरवर्षी वाढतोच आहे. 'घरात गेंड्याचं नाणं असेल तर तुम्ही लखपती', असं सांगणारे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. वैष्णोदेवीचं चित्र असलेली २०१२ सालची पाच आणि दहा रुपयांची नाणी, शेवटी ७८६ आकडा आलेल्या नोटा यांनाही तोच मान मिळतो.

'हे सगळं खोटं आहे' एवढं म्हणून विषय संपवता येतो, पण एक गोष्ट मग तशीच राहते. ज्या नाण्याबद्दल हे बोललं जातं ते नाणं खरं असतं. त्यावरचं साल खरं, चित्र खरं, टांकसाळीची खूणही खरी. खोटं नक्की कुठे असतं, आणि ज्याच्या प्रत्येक शब्दाला पुरावा आहे अशा विक्रेत्याला आपण फसवणारा म्हणू शकतो का, हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. तो फक्त नाण्यांपुरताही नाही. पण नाण्यांच्या बाबतीत तो फार स्वच्छ दिसतो, कारण नाणं ही मुळातच किंमत लिहिलेली वस्तू आहे.

काट्यावरचा भाव

मी गोवंडीत राहतो. मुंबईत ज्याला कचरा म्हणतात त्याचा मोठा हिस्सा १९२७ सालापासून कित्येक दशकं आमच्या शेजारी देवनारला येऊन पडत होता. त्यामुळे शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर या वस्त्यांमध्ये वस्तूची किंमत ठरवणं हे रोजचं, पोटापाण्याचं काम आहे. भंगारच्या दुकानात बसलेला माणूस हातातल्या तुकड्याला चुंबक लावतो, कानशीने ओरखडा काढतो, कधी नुसता आपटून आवाज ऐकतो, आणि सांगतो: हे पितळ, हे तांबं, हे लोखंड, हे काहीच नाही. तांब्यातही जळकं तांबं वेगळं आणि चकचकीत तार वेगळी. प्लास्टिकचे तर इतके प्रकार, की बाहेरच्याला सगळे एकसारखेच वाटतील.

म्हणजे इथेही लेबलं आहेत, आणि ती बक्कळ आहेत. फरक एवढाच, की प्रत्येक लेबलाच्या मागे एक काटा उभा असतो. 'तांबं' म्हटलं की किलोला अमुक. पुढच्या गोदामवाल्याकडे त्याच नावाने तो माल गेला की तमुक. दोन भावांमधला फरक हा दुकानदाराचा नफा, आणि तो साधारण सगळ्यांना माहीत असतो. इथे कुणी साधुसंत नाही. काट्यात मारतात, वजन कमी दाखवतात, ओला पुठ्ठा कोरडा म्हणून खपवतात. पण ती चोरी चोरी म्हणूनच ओळखली जाते. 'तांबं' या शब्दाचा अर्थ विकणाऱ्याला एक आणि घेणाऱ्याला दुसरा, असं मात्र होत नाही.

कचऱ्यातून नाणीही येतात. जुन्या कपाटाच्या खणात, फुटलेल्या गल्ल्यात, देवघरातल्या डब्यात राहिलेली. वेचणाऱ्यांना चुंबकाचा नियम पाठ असतो: नवी स्टीलची नाणी चिकटतात, जुनी तांबे-निकेलची चिकटत नाहीत. चलनातलं असेल तर खर्चायचं, नसेल तर धातूबरोबर टाकायचं. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं. मग मोबाइल आला.

आमच्या ओळखीतल्या एक खाला कचरा निवडायच्या कामाला जातात. त्यांना एकदा वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं मिळालं. मुलाने त्याचा फोटो कुठल्याशा क्रमांकावर पाठवला. दुसऱ्या दिवशी तिकडून पत्र आलं. वर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह, खाली गोल शिक्का आणि मधे नाण्याची किंमत: साडेतीन लाख. व्यवहार पक्का करायला दीड हजार रुपये नोंदणी. ती भरल्यावर करापोटी आणखी अडीच हजार. हे चार हजार गेल्यावर तिसऱ्या मागणीच्या वेळी त्या माझ्याकडे पत्र वाचून घ्यायला आल्या. रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याच प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता: बँक जुन्या नाण्या-नोटांची असली खरेदी-विक्री करत नाही, त्यासाठी शुल्क किंवा दलाली घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "लेकिन भाईजान, सिक्का तो असली है ना?"

हो, सिक्का असलीच होता. देशाच्या टांकसाळीत पाडलेला, पाच रुपयांना कुठेही चालणारा.

खोट्याच्या तीन पायऱ्या

नाण्यांच्या बाजारातलं खोटं एकाच जातीचं नसतं. त्याच्या निदान तीन पायऱ्या करता येतात.

पहिली पायरी सरळ बनावटीची. मुंबईतल्या फुटपाथांवर आणि देवळांबाहेरच्या दुकानांत ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची, १८१८ साल घातलेली, राम-सीता किंवा हनुमान कोरलेली 'अर्धा आण्याची' नाणी मिळतात. कंपनीने असं नाणं कधी काढलंच नाही. अलीकडच्या काळात बनवलेले हे ठोकळे आहेत. यांच्यातल्याच काहींना 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून दैवी शक्ती चिकटवली जाते, आणि 'राइस पुलर' या नावाखाली लाखोंना गंडवल्याचे गुन्हे देशभर नोंदले गेले आहेत. इथे नैतिक कोडं काही नाही. हे खोटं आहे आणि ते पोलिसांचं काम आहे.

दुसरी पायरी खालांच्या पत्राची. नाणं खरं, पण त्याच्याबद्दल सांगितलेली किंमत आणि सांगणाऱ्याची ओळख खोटी. इथेही फार विचार करावा लागत नाही.

तिसरी पायरी मात्र निसरडी आहे. इथे नाणंही खरं असतं आणि शब्दही. 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे हाताळलं न गेलेलं. हे खरंच आहे. पण बँकेतून आणलेल्या नव्या पिशवीतलं प्रत्येक नाणं तसंच असतं आणि ते दर्शनी किमतीला मिळतं. 'मर्यादित आवृत्ती', हेही खरं. पण मर्यादा कशाची? कधी कधी ती फक्त मागणीची असते: अमुक तारखेपर्यंत जितक्या जणांनी पैसे भरले तितकी नाणी काढली. म्हणजे जितकी विकली गेली तितक्यापुरतीच ती मर्यादित. 'अधिकृत चलन', हेही खरं. पण हजारो रुपयांना घेतलेलं ते नाणं चलन म्हणून वापरलं तर हातात दर्शनी किंमतच येणार. प्रत्येक शब्द कोर्टात टिकेल, आणि तरीही ते सगळे मिळून घेणाऱ्याच्या मनात जो समज तयार करतात तो चुकीचा असतो. तो समज असा: हे दुर्मीळ आहे, म्हणून हे महाग आहे, म्हणून पुढे ते आणखी महाग होईल.

प्लास्टिकच्या डबीतलं नाणं

या तिसऱ्या पायरीचं शास्त्र अमेरिकेत सगळ्यात पुढे गेलं आणि आता ते आपल्याकडेही रुळतं आहे, म्हणून त्याचा थोडा इतिहास पाहायला हवा.

१९४९ साली विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात नाण्याच्या स्थितीला १ ते ७० असे गुण दिले. त्यामागे एक साधा हिशोब होता. पूर्ण झिजलेल्या नाण्याची किंमत एक मानली, तर निर्दोष नाण्याची सत्तर. गुण हाच भावाचा गुणाकार. काही वर्षांतच बाजाराने हा हिशोब मोडीत काढला, कारण किमती असल्या सरळ रेषेत वाढत नाहीत. गुणांची पट्टी मात्र राहिली. १९८६ आणि १९८७ साली अमेरिकेत दोन मोठ्या कंपन्या सुरू झाल्या. त्यांनी नाणं तपासायचं, गुण द्यायचे आणि पारदर्शक डबीत सीलबंद करून वर चिठ्ठी लावायची असा धंदा उभा केला.

जुन्या नाण्यांसाठी ही सोय चांगलीच होती. दीडशे वर्षं हातोहात फिरलेल्या नाण्याची स्थिती सांगायला जाणता माणूस लागतो, आणि बनावट ओळखायलाही. पण आधुनिक नाणं यंत्रातून बाहेर पडतं तेच जवळजवळ निर्दोष. संग्राहकांसाठी म्हणून काढलेल्या नाण्यांच्या तर ढिगातल्या ढीगभर नाण्यांना एकोणसत्तर आणि सत्तर गुण मिळतात. दोघांमधला फरक पुष्कळदा भिंगाखालीही वादाचा असतो, किमतीत मात्र तो कितीतरी पट होतो. मग चिठ्ठीवर आणखी शब्द आले. त्यांतला गाजलेला म्हणजे 'फर्स्ट स्ट्राइक'. हे शब्द ऐकल्यावर कुणालाही वाटेल, की नव्या साच्यातून पडलेली पहिली नाणी. प्रत्यक्षात विक्री सुरू झाल्यापासून ठरावीक दिवसांत, साधारण महिनाभरात, तपासायला आलेल्या नाण्यांना ही चिठ्ठी मिळते. अमेरिकेच्या टांकसाळीनेच जाहीर केलं, की कोणतं नाणं आधी पाडलं आणि कोणतं नंतर याची नोंद ती ठेवत नाही, आणि कुठल्याही नाण्याला तिने 'फर्स्ट स्ट्राइक' ठरवलेलं नाही. चिठ्ठीची व्याख्या कंपनीने छापलेली असते. ती वाचली तर फसवणूक नाही, आणि शब्दाचा आपल्याला कळतो तोच अर्थ घेतला तर आहे.

एक दुःखद गंमतही सांगून ठेवतो. ज्या शेल्डनच्या पट्टीवर जगभरचे संग्राहक विश्वास ठेवतात, त्यानेच न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातली उत्तम सेंट नाणी काढून घेऊन तिथे कमी प्रतीची ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीला आलं. पट्टी त्यामुळे चुकीची ठरत नाही. पण पारख करणाऱ्याची पारख कोण करणार, हा प्रश्न मागे उरतो.

तो प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष आहे आणि नाणी तपासायला रूपदर्शक. तपासणीचं शुल्क शेकडा एक अष्टमांश. इतकंच असतं तर ती फक्त जुन्या काळातली ग्रेडिंग कंपनी झाली असती. पण पुढे अशीही तरतूद आहे, की चांगलं नाणं रूपदर्शकाने नाकारलं किंवा वाईट नाणं चालू दिलं तर त्याला बारा पणांचा दंड. म्हणजे मत देणाऱ्याच्या खिशालाही त्या मताची झळ बसायची. आजच्या आधुनिक नाण्यावरची चिठ्ठी यापेक्षा बरीच सुखी आहे.

खरी किंमत म्हणजे काय?

इथे एक रास्त आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. संग्राहकाच्या वस्तूला 'खरी' किंमत असते तरी का? १९३९ सालचा मुंबई टांकसाळीतला सहाव्या जॉर्जचा रुपया आज लाखांत जातो. त्यातली चांदी १९३८ च्या रुपयाइतकीच. फरक एवढाच, की १९३९ चे रुपये फारसे बाहेर आलेच नाहीत, आणि १९४० पासून रुपयातली चांदी अर्ध्यावर आली. हे लाख रुपये धातूचे नाहीत. ते एका घटनेचे, एका आकड्याचे, आणि तो आकडा आपल्याकडे असावा असं वाटणाऱ्या माणसांचे आहेत. मग एखाद्याला चकचकीत डबीतल्या नव्या नाण्यासाठी दहा हजार द्यावेसे वाटले, तर ते जास्त आहेत असं म्हणणारे आपण कोण?

सरकारही या खेळाच्या बाहेर नाही. २०२३ च्या मे महिन्यात नव्या संसद भवनाच्या उद्घाटनानिमित्त ७५ रुपयांचं नाणं निघालं. वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. म्हणजे साडेसतरा ग्रॅम चांदी. ७५ रुपयांत एवढी चांदी मिळण्याचे दिवस केव्हाच गेले, त्यामुळे ते नाणं ७५ रुपयांना मिळणार नाही हे उघडच होतं. टांकसाळ अशी नाणी संग्राहकांना जास्त किमतीने विकते आणि तो भाव आधी जाहीर करते. नाण्यावर लिहिलेली किंमत ही इथे एक औपचारिकता आहे, तिच्यावर ना विकणाऱ्याचा विश्वास ना घेणाऱ्याचा. तरीही ही फसवणूक वाटत नाही.

कौटिल्याने देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा नफा ठरवून दिला होता. धान्याला, कापडाला हे चालेल. आठवणीला, हौसेला, श्रद्धेला शेकडा किती? म्हणून केवळ जास्त किंमत घेतली यावरून विक्रेत्याला दोषी ठरवता येत नाही, असं मला वाटतं. दोष असेल तर तो दुसरीकडे शोधायला हवा.

गलबत आणि कोळी

ख्रिस्तपूर्व ४४ साली सिसेरोने अथेन्समध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक उदाहरण आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून एक व्यापारी धान्याचं गलबत घेऊन पोचतो. मागून आणखी गलबतं येत आहेत हे त्याने वाटेत पाहिलं आहे. लोकांना ते माहीत नाही. त्याने ते सांगावं, की गप्प राहून मिळेल तो भाव घ्यावा? स्टोइक पंथातल्या दोघांची दोन उत्तरं सिसेरो देतो. डायोजेनीस म्हणतो, कायद्याने सांगायला लावलेले दोष सांगा, खोटं बोलू नका, बाकी गप्प राहणं म्हणजे फसवणं नव्हे. त्याचा गुरुबंधू नव्हे, शिष्य असलेला अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला जे कळायला हवं ते सगळं सांगा. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने जातो. दुसऱ्याला जे कळल्याने त्याचं हित होईल ते केवळ आपल्या फायद्यासाठी त्याच्यापासून दूर ठेवणं, याला तो लपवणं म्हणतो.

तिथेच दुसरी गोष्ट आहे, ती मला आपल्या विषयाला जास्त जवळची वाटते. सिराक्यूसमधल्या पिथियस नावाच्या सावकाराला आपली समुद्राकाठची बाग कॅनियस नावाच्या रोमन गृहस्थाला विकायची असते. तो त्याला जेवायला बोलावतो आणि कोळ्यांना सांगून ठेवतो, की उद्या माझ्या बागेसमोर मासे धरा. पाहुणा येतो तर समोर होड्यांची गर्दी, पायाशी माशांचे ढीग. भुलून तो मागेल त्या किमतीला बाग घेतो. दुसऱ्या दिवशी एकही होडी नाही. शेजाऱ्याला विचारतो, आज कोळ्यांचा सण आहे का? शेजारी म्हणतो, इथे कुणी मासे धरतच नाही, काल काय झालं होतं त्याचंच मला नवल वाटलं.

त्या बागेत काहीही खोटं नव्हतं. होड्या खऱ्या, मासे खरे, समुद्र खरा. पिथियसने मांडलं ते दृश्य, आणि त्यातून पाहुण्याने काय समजावं हे त्यानेच ठरवलं होतं. 'फक्त तीन नग शिल्लक' अशी पाटी म्हणजे आजच्या काळातल्या भाड्याच्या होड्या. आपल्या केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या युक्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेरा प्रकारांच्या त्या यादीत पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे.

७८६ चा हिशोब

या कसोटीवर सगळ्यात अवघड उदाहरण आमच्या वस्तीतच आहे. ७८६ हा आकडा अनेक मुसलमान शुभ मानतात. त्या आकड्याची नोट लोक पाकिटात जपून ठेवतात, लग्नात देतात, नव्या दुकानाच्या गल्ल्यात ठेवतात. दहाची नोट कुणी शंभराला घेतली, तर त्याला नफा नको असतो, बरकत हवी असते. ही श्रद्धा आहे आणि तिला भाव विचारणं उद्धटपणाचं आहे.

पण हिशोबही आहे. आपल्या नोटेवर अक्षरांच्या मालिकेपुढे सहा आकडे असतात. शेवटी ७८६ येणारी नोट दर हजारात एक, म्हणजे दहा लाखांच्या एका मालिकेत एक हजार नोटा. सहा आकड्यांत कुठेही सलग ७८६ आलेलं चालत असेल तर त्याच मालिकेत ३,९९९. आणि अशा मालिका असंख्य. नोटांचा व्यवहार करणाऱ्याला हे पाठ असतं, घेणाऱ्याने त्याचा कधी विचार केलेला नसतो. विक्रेता तिला 'पवित्र आकड्याची नोट' म्हणून शंभराला विकतो तेव्हा मला त्यात दोष दिसत नाही. तो आकडा देतो, घेणारा आकडाच घेतो. तीच नोट तो 'अतिदुर्मीळ, पुढे लाखांत जाईल' म्हणून पाच हजारांना विकतो, तेव्हा तो ऱ्होड्सचा व्यापारी झालेला असतो. मागून येणारी हजारो गलबतं त्याने पाहिलेली असतात. नोट तीच, श्रद्धाही तीच. बदललं ते एवढंच, की आधी तो नोट विकत होता आणि आता भविष्यातली किंमत विकतो आहे.

मला वाटतं, रेघ इथे आहे. आनंद विकणाऱ्याने आनंदाची किंमत कितीही लावावी. सिनेमाचं तिकीट कुणी परत घेत नाही आणि कुणी तशी अपेक्षाही ठेवत नाही. पण ज्या चिठ्ठीवर 'दुर्मीळ', 'गुंतवणूक', 'मूल्यवृद्धी' लिहिलेलं असतं, ती चिठ्ठी उद्याच्या भावाबद्दल काहीतरी सांगते. मग सांगणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा हक्क घेणाऱ्याला मिळतो: हीच चिठ्ठी घेऊन मी पुढच्या महिन्यात आलो, तर तुम्ही कितीला परत घ्याल?

सोनाराच्या दुकानात हा प्रश्न विचारायला कुणी लाजत नाही. घडणावळ गेली, घट धरली, उरलेलं सोन्याच्या भावाने. भंगारच्या दुकानात तर विचारावाच लागत नाही. जुन्या नाण्यांचे चांगले व्यापारीही असतात. त्यांनी विकलेलं नाणं ते काही टक्के कमी करून परत घेतात, आणि टक्के किती हे सांगतात. विकताना दहा हजारांचं दुर्मीळ असलेलं नाणं परत आणल्यावर 'याला सध्या मागणी नाही, चांदीच्या भावाने देतो' असं ऐकावं लागत असेल, तर विकताना सांगितलेली दुर्मिळता विक्रेत्याच्याही विश्वासातली नव्हती. त्याच्या एकेका शब्दाचं काय करायचं ते वकील ठरवतील. माझ्या दृष्टीने तो खोटं बोलला.

या कसोटीलाही मर्यादा आहेत. बाजार खरोखर पडतो, प्रामाणिक व्यापाऱ्यालाही तोटा होतो. म्हणून त्याने तोच भाव द्यावा असं मी म्हणत नाही. त्याने विकतानाच दुसरा भाव सांगावा, एवढंच.

लोभाचा आरोप

असं काही लिहिलं, की एक उत्तर हमखास येतं: लोभी माणूसच फसतो. पाच रुपयांच्या नाण्याचे साडेतीन लाख मागणाऱ्यावर दया कशाला करायची?

हा आरोप मला पटत नाही. खाला रोज ज्या धंद्यात काम करतात त्यात दुसऱ्याने टाकून दिलेल्या वस्तूत किंमत सापडणं हा चमत्कार नसतो, तो रोजगार असतो. श्रीमंताच्या घरातून आलेल्या फुटक्या यंत्रात तांबं निघतं, हे त्यांनी हाताने पाहिलं आहे. कुणीतरी एक लहानसं नाणं लाखाला घेतं, हेही खरंच आहे. १९३९ चा रुपया जातोच की. त्यांच्याकडे कमी होती ती एकच गोष्ट, ती म्हणजे १९३९ चा रुपया आणि २०१२ चं पाचाचं नाणं यांतला फरक तोलणारा काटा. फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय त्यांच्या घरापासून हार्बर लाइनने तासाभरावर आहे, पण तिथे जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते. उलट खोटा काटा विनामूल्य खिशात आला, त्यावर बँकेचं चिन्हही होतं. ज्याच्याकडे काटा आहे त्याने, ज्याच्याकडे तो नाही त्याला लोभी म्हणणं फार सोयीचं असतं.

आणि दहा हजारांची डबी घेणाऱ्या निवृत्त गृहस्थांनाही मी लोभी म्हणणार नाही. बहुतेकदा त्यांना ते नातवासाठी ठेवायचं असतं. लहानपणी आजोबांनी दिलेला चांदीचा रुपया त्यांनी जपलेला असतो आणि त्या रुपयाची किंमत खरोखर वाढलेली त्यांनी पाहिलेली असते. लेबल नेमकी हीच चांगली आठवण पकडतं. या व्यापारात पैशांचं नुकसान होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे जपून ठेवण्याची सवयच खोटी ठरते. वीस वर्षांनी नातू डबी घेऊन बाजारात जाईल तेव्हा त्याला चांदीचा भाव कळेल, आणि आजोबांना काही समजत नव्हतं असंही वाटेल.

मराठीत 'नावाला बट्टा लागला' असं आपण म्हणतो ते बदनामी या अर्थाने. पण बट्टा हा मुळात सराफी शब्द. पेशवाईत आणि नंतरही अंकुशी, चांदवडी असे कितीतरी तऱ्हेचे रुपये एकाच वेळी चालत. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा देताना सराफ झीज आणि कस बघून जी कपात करायचा, तो बट्टा. त्यातही लबाड्या होत असतील, होतच होत्या. पण बट्टा हा व्यवहाराच्या आधी, समोरासमोर सांगायचा आकडा होता. नाणं वाजवून बघितलं जायचं, बट्टा सांगितला जायचा, पटलं तर देवाणघेवाण, नाहीतर पुढचं दुकान.

आजच्या चकचकीत डबीवर गुण असतात, साल असतं, क्रमांक असतो, होलोग्राम असतो. बट्टा तेवढा कुठे लिहिलेला नसतो. तो तोंडी विचारून घ्यावा, आणि जो सांगायला कचरेल त्याच्याकडून नाणं घेऊ नये, मग ते कितीही असली असो.